पाळकबाईंची सुनावणी

“खरं काम बाईसाहेबांचं. आम्ही आपले पाटीपुरते,” पाळक हसत म्हणाला, आणि काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

घरी हा टोमणा तो रोज मारायचा. पण परक्या देशात, परवाना वाढवून घ्यायच्या खिडकीपुढे उभं राहून तो मारायचा नसतो, एवढंही त्या शहाण्याला कळू नये? परवाना त्याच्या एकट्याच्या नावावर होता. बायको आश्रित म्हणून आलेली. आश्रिताने पगारी काय, फुकटसुद्धा काम करायचं नाही, असा तिथला कायदा. तिचा वेगळा परवाना काढायचा तर बँकेत भलीमोठी अनामत ठेवावी लागे, आणि मिशनने पहिल्याच वर्षी कळवलं होतं, की एका घरात दोन परवान्यांचा खर्च झेपणार नाही. आठवड्याभरात सुनावणीची नोटीस आली. आरोप खरा ठरला तर बाईंनी पंधरा दिवसांत देश सोडायचा.

“अहो, काय बोलून बसलात तुम्ही!” ती नोटीस वाचून म्हणाली.

“खोटं बोललो का?” तो फणकारला. पण ती गेली तर घर खायला उठेल, हे त्यालाही ठाऊक होतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

खरं सांगायचं तर तो जळत होता. सहा वर्षं जळत होता. प्रार्थनेच्या खोलीत त्याने चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या नऊ भरायच्या. तिच्या स्वयंपाकघरात मात्र पाय ठेवायला जागा नसे. मूळची ती नर्स. कुणी तापलेलं पोर घेऊन येई, कुणी नवऱ्याशी भांडून येई. हा आत उपदेश लिहीत बसलेला असायचा, आणि भिंतीपलीकडून बायकांचं हसणं ऐकू आलं की याच्या पोटात दुखायला लागायचं. रस्त्यात माणसं थांबवून विचारायची, “बाई बऱ्या आहेत ना?” तुम्ही कसे आहात, हे कुत्रंही विचारत नव्हतं. रविवारी तो मोठ्याने प्रार्थना करी, प्रभू, हिच्या कामाची भरभराट होवो. आणि मनात म्हणे, पुरे झाली आता.

सुनावणीला गल्लीतल्या तीन बायका आपण होऊन आल्या. पाळकाने कपाळाला हात लावला. या आता तिचे गोडवे गाणार, आणि त्या गोडव्यांनीच ती विमानात बसणार. तो कोट घालून लेखनिकाच्या टेबलाशी बसला होता. बायको समोरच्या बाकावर. एकेकीला आत बोलवत होते, साक्ष झाली की बाहेर पाठवत होते.

पहिली बेकरीवाली. “या बाई दिवसभर काय करतात?” अधिकाऱ्याने विचारलं.

“काही नाही हो. घरात असतात. माझ्या नवऱ्याची दारू सुटेपर्यंत रोज येऊन बसायचे ते पाळकसाहेब.”

पाळक चमकला. बेकरीवालीला नवरा आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

दुसरी शिवणकाम करणारी. “माझं बाळंतपण अडलं, गाडी मिळेना. पाळकसाहेब धावत आले आणि त्यांनीच सोडवलं.”

“पाळकांनी? बाळंतपण?”

“मग काय तर! बाई तर घरी होत्या.”

लेखनिकाला एकदम खोकला आला.

तिसरी इस्त्रीवाली आजी. ती टेबलाची कड धरून उभी राहिली. “माझा मुलगा गेला तेव्हा मी अन्न सोडलं होतं. पाळकसाहेब महिनाभर रोज दुपारी यायचे, चमच्याने भरवायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. देवाचं नावसुद्धा काढलं नाही त्यांनी. म्हणून तर मी अजून देवाला मानते.”

पाळकबाई मान खाली घालून बसली होती.

आणि पाळक? बेकरीवालीच्या वेळी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवणवालीच्या वेळी हसू आलं. आजीचं ऐकताना मात्र त्याचे डोळे भरून आले आणि तो खुर्चीत ताठ बसला. आपल्याबद्दल कुणीतरी असं बोलावं म्हणून तो सहा वर्षं झुरला होता. काय गोड लागत होतं ते कानांना!

“हे सगळं तुम्ही केलंत?” अधिकाऱ्याने विचारलं.

खोटी साक्ष देऊ नको, यावर तो मागच्याच रविवारी पाऊण तास बोलला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती वर बघायला तयार नव्हती.

“हो,” तो म्हणाला. आणि मग राहवेना म्हणून पुढे म्हणाला, “माझं कर्तव्यच होतं ते.”

अधिकाऱ्याने परवान्यावर आणखी तीन वर्षांचा शिक्का मारला. वर पाळकबाईला म्हणाला, “नशीब काढलंत हो बाई. असा नवरा शोधून सापडायचा नाही.”

बाहेर व्हरांड्यात दोघींनी पाळकबाईला मिठीच मारली. पाळक जरा बाजूला, पण सहज दिसेल असा उभा राहिला. कोट सारखा केला. आता आपल्याकडेही कुणीतरी येईल, असं त्याला वाटत होतं. इस्त्रीवाली आजी बाकावरून उठून काठी टेकत त्याच्याच दिशेने यायला लागली. त्याने दोन्ही हात पुढे केले.

“जरा सरका हो, वकीलसाहेब,” आजी त्याला म्हणाली, आणि वाट काढत पाळकबाईपाशी पोचली. “सगळं त्यांच्या नावावर घातलं बरं का, एक शब्द चुकले नाही. पण काय हो बाई, आज तरी यायचं होतं त्यांनी!”