दवण्याची साक्ष

"दिवस गेले म्हणते!" दुर्गाबाई अडुळशाची पानं खुडता खुडता म्हणाली. "पाच वर्षांत नाई गेले, अन् म्या अकोल्याले कार्ड धाडलं तं आठ दिवसांत गेले. लयच सोयीचं लेकरू हाय बाप्पा."

तिचा मुलगा चंद्रभान समोर उभा होता. त्याची बायको सत्यवती विहिरीवर पाणी शेंदत होती.

कार्ड गेलं होतं सत्यवतीच्या बापाला. खुशालराव अकोल्याच्या जठारपेठेत फुलं आणि भाजी विकत. थोरलीला मूल होत नाही, तेव्हा धाकटी मैना चंद्रभानाला दुसरी म्हणून द्या. द्यायची नसेल तर थोरलीलाही घेऊन जा, असा मजकूर होता. खुशालराव नाही म्हणण्यातले नव्हते. मैनेला सतरावं लागलं होतं. आई गेल्यावर तिला सत्यवतीनेच वाढवलं होतं, सर्दीत तिच्या छातीला ओव्याची पानं शेकून लावली होती, तिच्या वेणीत पहिला मरवाही तिनेच माळला होता. ती पोर या घरात सवत म्हणून यायची होती.

राजापेठेत दुर्गाबाईची सांदवाडी नावाजलेली होती. घरामागच्या त्या बागेत खोकल्याला अडुळसा होता, बाळाच्या पोटाला वेखंड होतं, भाजल्यावर लावायला कोरफड होती. मागेल त्याला पान मिळे, पण पानाआधी बोलणी मिळत. "औषध माह्यं, अन् गुण आला का नाव वैद्याचं. घ्या!" म्हणत ती पानं पदरात टाकी. सुनेला मात्र तिने पाच वर्षांत एका झाडाला हात लावू दिला नव्हता.

"तिनं पाणी घातलं का भुई इचारात पडते," ती म्हणे, "उगवू का नको."

दवणा तर तिचा जीव. राकेलच्या कापलेल्या डब्यात लावलेला, करड्या पानांचा, उग्र वासाचा. त्यातली एक काडी रोज देवाला जाई. विटाळशी बाईचा हात लागला की दवणा तीन दिवसांत करपतो, हे तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. ते खरं की खोटं, हे पाहायची वेळ कधी आली नव्हती. चार दिवस बाहेर बसलेली बाई सांदवाडीत पाऊलच टाकत नसे.

"सुईनीले बोलावू का, माय?" चंद्रभानाने विचारलं.

"सुईनीले काय समजते दीड महिन्याचं? अन् तुले तं काईच समजत नाई." दुर्गाबाई सुनेकडे वळली. "आजपासून दवण्याले तूच पाणी घालशीन. खोटं बोलली असशीन, तं तो सांगन. ज्या दिवशी करपला, त्या दिवशी म्या अकोल्याची गाडी धरली समज."

"बरं, आत्याबाई," सत्यवती म्हणाली.

पौष संपत आला होता. सत्यवती रोज सकाळी तांब्याभर पाणी घाली. तिच्यामागून दुर्गाबाई येई, वाकून एकेक फांदी पाही, वास घेई आणि नाक मुरडून परत जाई.

शेजारची तानुबाई पुदिना न्यायला आली, तेव्हा म्हणाली, "दुर्गाबाई, तुमची सून काल अंधारातच धुनं धुवाले बसली होती व. एवढ्या थंडीत?"

"ओकून लुगडं भरवत असन. राणीले लाज वाटते. आमाले का लेकरं झालीच नाईत?"

त्या दिवशी चंद्रभानाने बायकोला हळूच विचारलं, "खरंच हाय ना?"

"दवण्याले इचारा," ती म्हणाली.

माघ सरला. दवणा डब्याबाहेर फुटला. दुर्गाबाई सुनेपुढे शतावरी घातलेलं दूध ठेवू लागली. ठेवताना पेला आदळी, एवढंच. मग तिने खुशालरावांना दुसरं कार्ड लिहवून घेतलं. तुमच्या धाकटीचं आता आम्हाला काम नाही, कोणाच्या गळ्यात घालायची ते तुम्हीच पाहा.

खुशालरावांनी बाळापूरचं स्थळ पाहिलं. मुलगा बोर्डाच्या शाळेत मास्तर होता. फाल्गुनात तिथी धरली.

"मले जाऊ द्या, आत्याबाई," सत्यवतीने विनवलं. "माय नाई तिले. हळद लावाले तरी."

"पोटुशी बाई गाडीत हादरते. नवरीची मायच व्हाचं होतं, तं आंधी लेक जनाची होती."

सत्यवतीने पुन्हा विचारलं नाही. लग्नाला चंद्रभान एकटा गेला.

तो तिसऱ्या दिवशी बुंदीची पुडी घेऊन परतला. सत्यवती दारातच उभी होती.

"लागलं?"

"लागलं. मास्तर भला मानूस दिसते."

"अन् मैना? अजून बाबाच्याच घरी हाय?"

"नाई. काल सकाळीच बैलांच्या बंडीत बसून बाळापूरले गेली. म्या वेशीपर्यंत पोचवली."

"तुमच्या डोळ्यांनं पाह्यली?"

"हाव. लय रडत होती. तुयी आठवन करत होती."

सत्यवतीने पदराने डोळे पुसले, चुलीवरचं भाताचं भांडं खाली उतरवलं आणि ओसरीच्या टोकाला, दाराबाहेर, पोतं टाकून बसली.

"आत्याबाई, चार दिवस सैपाक तुमी पाहा. मी बाहेरची झाली."

दुर्गाबाई देवापुढून तशीच उठून आली. "पडलं? अवं, पोट पडलं का? कावून बोलली नाईस?"

"पडाले काई होतंच नाई, आत्याबाई. पौषापासून ही तिसरी खेप."