मध्येच धरलेला कोरस

मर्लीन उभी राहिली. चर्चमध्ये साक्षीची वेळ होती. ज्याला वाटेल त्याने उभं राहावं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगावं, अशी मंडळीची रीत. पण जमैकाहून बर्मिंगहॅमला येऊन उणेपुरे पंधरा दिवस झालेली ही चौदा वर्षांची पोर आपणहून उठेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. दाराशी पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवणाऱ्या सिस्टर आयोनीने चमकून मान वर केली.

मंडळीच्या लेखी मर्लीन तिची भाची होती, मेलेल्या बहिणीची लेक. खरं तर आयोनीला बहीणच नव्हती. मर्लीन तिच्याच पोटची, बिनलग्नाची. तीन वर्षांच्या त्या पोरीला जमैकातल्या क्लॅरेंडनच्या डोंगरात आपल्या आईपाशी ठेवून आयोनी बोटीने इकडे आली. पहिल्याच महिन्यात मंडळीतल्या कुणीतरी तिच्या पाकिटातला पोरीचा फोटो पाहिला, आणि घाबरून ती तोंडाला येईल ते बोलून गेली. अकरा वर्षं तिने ते खोटं सांभाळलं. हॉस्पिटलातल्या फरशा पुसून आली की ती आजाऱ्यांकडे सूप घेऊन जायची, रविवारच्या शाळेत शिकवायची, भक्तिगीतांचे कोरस धरायची. अशी कामाची बाई दुसरी नाही, असं पाळक लिंडो भर सभेत सांगत.

कुणाचं पाऊल घसरलं की मंडळी त्याला मागच्या बाकावर बसवी. सहा-सहा महिने. ना गाणं, ना प्रभुभोजन, ना कुणाशी हात मिळवणं. गेल्या वर्षी डॉरेट बिनलग्नाची गरोदर राहिली, तेव्हा तिचा दंड धरून तिला त्या बाकापर्यंत नेणारी आयोनीच होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय. तिला दुष्ट म्हणवत नाही मला. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेली माणसं असली कामं फार चोख करतात.

विमानतळावर पोरीला जवळ घेण्याआधी तिने बजावलं होतं, "इथं मला मावशी म्हणायचं. घरातसुद्धा. म्हणजे तोंडाला सवय राहते." पोरीने मान हलवली होती. तेव्हापासून ती मावशीच म्हणत होती. पण धड जेवत नव्हती. ताटातला भात चिवडायची, काही सांगायला तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची.

"प्रभूची स्तुती असो," मर्लीन म्हणाली. आवाज कापत होता.

"आमेन. बोल गं बाळ, भिऊ नको," पहिल्या रांगेतून म्हाताऱ्या मदर ग्रेसेटनं धीर दिला.

"मला एक गोष्ट सांगायचीय. आल्यापासून मनात दाबून ठेवलीय. आता नाही ठेववत." तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. "मावशी, मला माफ कर."

डॉरेट तान्ह्याला मांडीवर घेऊन आपल्याकडेच बघतेय असं तिला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. साक्ष देणाऱ्याला कुणी गप्प बसवत नाही, पाळकसुद्धा नाही. एकच वाट असते. कुणाची साक्ष फारच लांबली, तर एखादी बाई हळूच कोरस धरते, मंडळी टाळ्या वाजवत तो उचलून धरते, आणि बोलणारा ओशाळं हसून खाली बसतो. मर्लीनने तर अजून सुरुवातही केली नव्हती.

आयोनीने कोरस धरला.

तिला येत होते त्यांतला सगळ्यात आनंदाचा कोरस होता तो, आणि छाती फुटेल एवढ्या मोठ्याने धरला. मदर ग्रेसेट चपापली, पण हातातली खंजिरी तिने वाजवली. मग टाळ्या सुरू झाल्या, पाय आपटू लागले. पहिला संपायच्या आत आयोनीने दुसरा धरला, मग तिसरा. हातमोज्यांच्या आत तिचे तळवे घामाने भिजले होते. मर्लीन बराच वेळ तशीच उभी राहिली. मग खाली बसली.

"आज सिस्टरवर पवित्र आत्मा उतरला हो," शेजारची बाई म्हणाली.

दोघी बसने घरी आल्या. दार लावलं आणि डोक्यावरची टोपीही न काढता आयोनी वळली.

"काय सांगणार होतीस तिथं? माझी अब्रू वेशीला टांगायची होती?"

मर्लीन गोंधळून बघत राहिली. "तुझी? तुझ्याबद्दल मी कशाला बोलू?"

"मग काय होतं मनात पंधरा दिवस?"

"आजी गेली, आई."

आयोनीने खुर्चीची पाठ धरली.

"मी निघायच्या आधी पाच दिवस," मर्लीन म्हणाली. "मेलेल्यासाठीचं नऊ रात्रींचं जागरणसुद्धा पुरं झालं नव्हतं. मामानं मला तसंच विमानात बसवलं. आजीनंच सांगून ठेवलं होतं, पोर पोचेपर्यंत आयोनीला कळवू नका. कळलं तर ती पोरीचं तिकीट मोडून स्वतः मातीला धावत येईल, आणि पोर इथंच राहील. पोचलीस की तू सांग, म्हणाली. मी रोज ठरवायची. रोज तुझं तोंड बघितलं की जमायचं नाही."

आयोनीने डोक्यावरची टोपी काढली. ती म्हणाली, "घरात सांगायचं होतंस गं. सगळ्यांसमोर कशाला?"

"घरात तू कोसळली असतीस तर मला एकटीला सावरता आली नसतीस," मर्लीन म्हणाली. "तिथं तुला धरायला माणसं होती."