कासवाचं उत्तर

ओट्यावर पातेल्याला टेकून ठेवलेला फोन थरथरला आणि पातेलं टिणटिणलं.

तिने आधी लेकीकडे पाहिलं. चार वर्षांची ती, दुपारची झोप, तोंड अर्धं उघडं. कूस बदलून पुन्हा झोपली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. नवऱ्याचं घरून काम चालू असलं की या घरात पावलंसुद्धा चवड्यांवर पडायची.

हात पुसून तिने फोन उचलला. संगणकवाल्यांच्या मदतीच्या फोरमवर तिचं नाव ‘कासव’ होतं, शेजारी पिवळ्या कासवाचं चित्र. लेक झोपली की ती तिथे लोकांची अडलेली यंत्रं सोडवून द्यायची. दोन वर्षांत कासवाचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. सगळे ‘कासवराव’ म्हणायचे. बाई असेल, असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

‘कासवराव, तातडीचं आहे. नवीन सर्व्हरवर हलवल्यापासून आमची व्हर्च्युअल मशीन सुरू होता होता कोसळते. चारला वरच्या साहेबांना चालू दाखवायची आहे. नाही जमलं तर माझी खुर्ची गेली...’

खाली सेटिंगची फाइल चिकटवलेली. पहिल्याच ओळीत मशीनचं नाव होतं. पाळणा.

तिचा अंगठा थांबला.

हे नाव तिने ठेवलं होतं, सातव्या महिन्यात. मोठ्या यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र वाढवायचं, ते काम करताना तिला भारी गंमत वाटायची. आतली सिस्टीम मात्र जुनी आणि हट्टी होती. प्रोसेसरची मांडणी तिला जपून सांगावी लागे. कोर, म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे भाग, चार चालत, आठ चालत. बारा दिले की ती उठता उठता आडवी. एवढं शोधायला सुजलेल्या पायांनी नऊ दिवस लागले होते. म्हणून तिने कोरच्या ओळीवर टीप लिहून ठेवली होती : ‘आठच ठेवा. बारा केले तर उठणार नाही.’ खाली स्वतःचं नाव.

आता फाइलमध्ये बारा होते. टीप नव्हती. तिच्या नावाच्या सगळ्याच टिपा कुणीतरी तांदळातल्या खड्यांसारख्या वेचून काढल्या होत्या.

कुणीतरी कशाला, त्यानेच. वाक्याच्या शेवटी ती तीन टिंबं त्याचीच.

ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या जागेवर तो बसला. साहेबांना म्हणाला, ‘ती परत येणार नाही, तिचीच इच्छा नाही.’ त्याच्या तोंडून ऐकल्यावर साहेबांना तिला विचारायची गरजच वाटली नाही. आणि तिला म्हणाला, ‘साहेबच नको म्हणतायत.’ तिनेही मान डोलावली. गेल्या आठवड्यात ऑफिसातली जुनी मैत्रीण फोनवर बोलता बोलता सगळं बोलून गेली, आणि मग तिने घाईने फोन ठेवला. तेव्हापासून तिला नीट जेवण गेलं नव्हतं.

तरी तिने एक संधी दिली. ‘मशीन मुळात कुणी उभी केली? त्या माणसाला विचारून पाहा.’

उत्तर लगेच आलं. ‘मीच केली आहे, पहिल्यापासून...’

तिने गॅस मंद केला आणि सावकाश टाइप केलं : ‘मग प्रोसेसरची मांडणी बरोबर आहे. कोरला हात लावू नका. मेमरी तपासा.’

‘अगं, चहा टाकतेस का?’ आतून नवऱ्याने हाक मारली.

‘टाकते हं.’

तिने दारातूनच कप पुढे केला. त्याने वर न बघता घेतला.

‘आज काय एवढं?’

‘ऑफिसची कटकट. तुला आता नाही कळायचं ते.’

‘खरंय,’ ती म्हणाली, आणि दार पुन्हा लोटलं.

मेमरी ठीक निघाली. तिने डिस्ककडे धाडलं. डिस्कही ठीक निघाली. तिने सगळी मशीन नव्या नावाने पुन्हा बांधायला लावली, पाऊण तासाचं काम. प्रत्येक पायरीला तो ‘हो, करतो’ म्हणत होता, शाळकरी पोरासारखा. हा माणूस एवढा आज्ञाधारक असू शकतो, हे तिला नवीनच होतं.

लेक उठून पायांशी आली. फोनकडे पाहून हसली. ‘कासव!’

‘हो गं माझी सोनी. जा, बाहुलीला उठव, तिलाही भूक लागली असेल.’

चाराला पाच मिनिटं कमी असताना त्याने लिहिलं, ‘कासवराव, आता तुमच्यावरच सगळी भिस्त. सांगाल ते करतो...’

तिने टाइप केलं : ‘कोर आठ करा.’ एका मिनिटात मशीन उठली असती. बोट पाठवायच्या खुणेवर टेकवून ती तशीच उभी राहिली. मग तिने एकेक अक्षर खोडलं, तिच्या टिपा खोडल्या होत्या तसं, आणि लिहिलं : ‘थोडं थांबा. आपोआप उठेल.’

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. सव्वाचार. फोरमवर पुन्हा काहीच आलं नाही. तिने फोन पातेल्याला टेकवला आणि कप विसळायला घेतले. गेल्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच तिला कडकडून भूक लागली होती.

आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि लेक बाहेर आली. बाहुली एका पायाने लोंबत होती.

‘आई, बाबा रडतायत,’ ती हळूच म्हणाली. मग तिने ओट्यावरच्या फोनकडे बोट केलं. ‘त्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरवर तुझं कासव आहे ना, ते त्यांना काय बोललं गं?’