चौथ्या पेटीतले उंदीर

“एकतीस ग्रॅम!” सिग्नेने उंदीर उचलला, पेटीतल्याच तराजूवर पुन्हा ठेवला. आकडा तोच. शेजारच्या तिसऱ्या पेटीतले उंदीर पंचविसाच्या पुढे जायला तयार नव्हते. चौथ्या पेटीतले पाचही जण मात्र महिन्याभरात लाडवासारखे गोल झाले होते.

दोन्ही पेट्यांतले उंदीर एकाच वंशाचे, एकाच वयाचे. जन्मापासून एकाही जंतूने त्यांना शिवलेलं नव्हतं. म्हणून तर ते प्लास्टिकच्या हवाबंद पेट्यांत राहत आणि पेटीलाच जोडलेल्या लांब हातमोज्यांतून त्यांचं सगळं करावं लागे. पाच आठवड्यांपूर्वी एका पेटीला सडपातळ माणसाच्या आतड्यातले जंतू पाजले होते, दुसरीला लठ्ठ माणसाच्या. नमुने देणारे याच इमारतीतले. सकाळी डबी भरून आणून द्यायची आणि कॉफीच्या टेबलावर त्याचा विषय काढायचा नाही, एवढीच अट. नावं प्राध्यापक हेनिंगच्या कपाटात, बंद पाकिटात. कुठल्या पेटीत कोण, हे सिग्नेलाही ठाऊक नव्हतं.

फरक पडेल हा तिचा अंदाज होताच. पण एखाददुसऱ्या ग्रॅमचा. सहा ग्रॅम म्हणजे फारच झालं! खाणं दोघांचं सारखं, मग ही चरबी आली कुठून? जंतू झाले म्हणून काय झालं, हवेतून थोडीच लोणी काढतात? हे खरं असेल तर तिचा प्रबंध तरला. पण कुणी चौथ्या पेटीत जास्तीचं टाकत असेल, तर दोन वर्षं पाण्यात.

आणि खाणं घालणारे हात एकच होते. बेरितचे.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या त्या तळघरात बेरित सव्वीस वर्षं उंदीर सांभाळत होती. अंगाने चांगली भरलेली बाई. जिना चढताना दोनदा थांबायची. तीनच्या कॉफीला वेलदोड्याचे पाव यायचे, तेव्हा ती ताट न बघताच शेजारच्याकडे सरकवायची. तिची पाठ वळली की टेबलाभोवती भुवया उंचावत. घरी जाऊन भरपाई करत असेल, असं कुणीतरी पुटपुटे. सिग्नेही एकदा हसली होती.

“बेरित, एक विचारू? रागावू नकोस,” सिग्ने म्हणाली. “चौथ्या पेटीला तू जास्त घालतेस का? माणसाला दया येते कधीकधी.”

बेरित पाण्याच्या बाटल्या धूत होती. तिने नळ बंद केला.

“तुला असं का वाटलं?”

“ते लठ्ठ झालेत म्हणून.”

“लठ्ठ झाले म्हणजे चोरून खाल्लंच असणार. हो ना?”

सिग्नेचे कान तापले. पण प्रश्न विचारून झाला होता आणि उत्तर तर हवंच होतं. “मला हेनिंगला सांगावं लागेल. आणि तू घालत असशील, तर तुझी नोकरी जाईल.”

“मग आधी बघ तरी! सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक दाणा इकडचा तिकडे झालेला नाही.” बेरितने खिशातून किल्ल्या काढून तिच्यासमोर आपटल्या. “दोन आठवडे तूच घाल. मी पेटीला हात लावणार नाही. तराजू काय, तुझाच आहे, पोरी.”

सिग्नेने पदर खोचला म्हणायचा. सकाळी मोजून घालायचं, संध्याकाळी उरलेलं मोजायचं. भुसा चाळून त्यातला चुराही ती वेचू लागली. शेवटी लेंड्यासुद्धा वाळवून तोलल्या. तिच्या आईने हे पाहिलं असतं तर मुलीच्या शिक्षणाचं हेच का चीज, म्हणून कपाळावर हात मारला असता.

चौदाव्या दिवशी तिने बेरीज केली. मग पुन्हा केली. तिसऱ्या पेटीने जेवढं खाल्लं, तेवढंच चौथीने खाल्लं होतं. खरं तर चिमूटभर कमीच. वजन मात्र तेहेतीस ग्रॅम. तिसऱ्या पेटीतल्यांच्या लेंड्यांतून बरंच काही न पचताच निघून जात होतं. चौथ्या पेटीतल्यांच्या पोटातून काही सुटत नव्हतं. कणन्‌कण अंगी लागत होता. म्हणजे जंतू खरोखरच लोणी काढत होते! सिग्नेला एवढा आनंद झाला की ती एकटीच मोठ्याने हसली. मग तिला किल्ल्या दिसल्या आणि तिचं हसू ओसरलं. आता त्या बाईला तोंड कसं दाखवायचं?

शुक्रवारी हेनिंगने पाकीट फोडलं. कागद वाचला आणि तिच्याकडे सरकवला. चौथ्या पेटीसमोर नाव होतं, बेरित ओल्सडाल.

सिग्ने दोन-दोन पायऱ्या उतरत तळघरात आली. तिने किल्ल्या बेरितच्या हातात ठेवल्या.

“चुकले मी, बेरित. माफ कर मला.” तिला धाप लागली होती. “चौथी पेटी तुझीच होती. तू बोलली का नाहीस?”

“मला तरी कुठे ठाऊक होतं, माझी कुठली ते!” बेरित म्हणाली. “कमी खाल्लं का गं त्यांनी?”

“चिमूटभर कमीच.”

बेरित खाली बसली. ती चौथ्या पेटीकडे बघू लागली. डोळे भरून आले होते, ते तिने पुसलेही नाहीत.

“पण तू नमुना दिलास कशाला?” सिग्नेने हळूच विचारलं. “तू तर अशा भानगडीत कधी पडत नाहीस.”

“मी किती खाते, हे मला जन्मभर सगळ्यांनी सांगितलं. आईने सांगितलं, नवऱ्याने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. मोजलं मात्र कुणीच नाही,” बेरित म्हणाली. “म्हटलं, उंदरांचं तरी मोजतील.”