दोन सूत कमी
किनाऱ्यावर लागलेलं स्पीडबोटीचं अर्धं धूड बघून बोटी बनवणारा कारागीर बायकोला घेऊन तिकडे धावला. परवा त्याची लेक त्यानंच बनवलेल्या अशाच पांढऱ्या बोटीतून गेली, ती परतली नव्हती. तळावर त्याच्या पहिल्या साच्यातला, त्याच्या प्रत्येक बोटीवर उमटणारा ओरखडा होता. पण त्याच्या बोटीवरून साचे काढणाऱ्या चोरांनी तो ओरखडाही उचलला होता. फक्त नकलेचं फायबर दुसऱ्यांदा आकसतं, रुंदी दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी भरते. आयुष्यभर त्यानं टेप लावून चोरांना शिव्या घातल्या. आज मनात म्हणत होता, चोराची निघू दे, देवा. बायकोनं टेपचं टोक धरलं. माप पुरेपूर भरलं. "आपलीच," तो पुटपुटला. "चष्मा पुसा. पुन्हा मोजा." तिनं टोक काठावरून दोन सूत आत सरकवलं. त्यानं ते पाहिलं. "दोन सूत कमी," तो म्हणाला. "मग! चोराचीच मेल्याची. चला, घराला कुलूप आहे, पोरगी दारात ताटकळत बसेल."