भांडकुदळ

नमुन्यावर नाव लिहायचं नाही, असा प्रयोगशाळेचा नियम. म्हणून गवंड्याच्या बायकोनं शेवटच्या आजारात दिलेल्या रक्ताच्या नळीवर स्वतःच लिहिलं होतं, ‘भांडकुदळ’. नवऱ्यानं तिला ठेवलेलं नाव. ती गेल्यावर दोन वर्षांनी संशोधक लेकीनं त्याला प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर बसवलं. “आईच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी कर्करोगापुढे दमल्या होत्या, बाबा. आम्ही त्यांना लढायचा इशारा देणारे रेणू दिलेत. जमलं, तर पुढच्या महिन्यात पहिल्या पेशंटवर हेच उपचार.” पडद्यावर इवल्या पेशींनी कर्करोगाच्या पेशीला घेरलं; बघता बघता ती फुटली. “तुटून पडल्या की!” तो हसला. “तिच्याशी भांडून कोण जिंकलंय?” प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरीणबाई पडदा पाहून धावत आल्या. “हा नमुना कुणाचा?” नियमाप्रमाणे लेकीनं नळीवरचं ‘भांडकुदळ’ तेवढं दाखवलं. जन्मभर बायकोच्या भांडणांपायी चारचौघांत मान खाली घालणारा गवंडी उठला आणि ताठ मानेनं म्हणाला, “आमच्या हिचा. माझ्या बायकोचा.”