मेव्हण्याचं मशीन

आमच्या मोन्टानात घरीच काडतुसं भरणारे पुष्कळ, पण मेव्हण्यावर डेलबर्टइतका जळणारा दुसरा नाही. दोघांकडे बंदुकीची दारू मोजून टाकणारं अगदी सारखं इलेक्ट्रिक मशीन. त्याचा काटा इतका नाजूक, की खरोखरची माशी शिंकली तरी आकडा हलावा! मेव्हण्याच्या, म्हणजे ऑरिनच्या मशीनवर प्रत्येक माप सारखं, डेलबर्टच्या मशीनवर कधी कमी, कधी जास्त. त्यामुळे स्पर्धेत ऑरिनच्या गोळ्या एकाच भोकात जायच्या आणि डेलबर्टच्या थेट शेजारच्या काउंटीत.

डेलबर्टने पंखा बंद केला, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, मशीन तासभर आधीच चालू करून ठेवलं. आकडा डुगडुगतोच! शेवटी शनिवारची स्पर्धा तोंडावर आली, तसा तो ऑरिनच्या गॅरेजात जाऊन अडून बसला.

"चांगलं मशीन तू लाटलंस, भंगार माझ्या गळ्यात! चल, बदलून दे."

"न्या की, भावोजी. तुमचं राहू दे माझ्याकडे," ऑरिन हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरिनचा फोन आला. डेलबर्टचं मशीन त्याच्याकडे सुतासारखं सरळ चाललं होतं. आणि इथे ऑरिनचं मशीन डेलबर्टच्या टेबलावर डुगडुगत होतं.

"बघ मार्वा, तुझ्या भावाने देतादेता यालाही बिघडवलं!" डेलबर्ट बायकोवर ओरडला.



मार्वा कॉफी ओतता ओतता म्हणाली, "अरे, पारड्यावर वाकून माझ्या भावाच्या नावाने फुसफुस उसासे टाकतोस ना, ते आधी थांबव."